भंडाऱ्याचं ताट

सातवीतून शाळा सोडून मी सोलापूरकडून इकडे आलो, तेव्हा आमच्या गावाकडच्या लोकांच्या मंडळाचे प्रमुख असलेल्या काकांनीच मला बोईसरच्या कारखान्यात चिकटवलं आणि पालघरात खोली मिळवून दिली. ते उपकार मी विसरलेलो नाही. म्हणूनच नगरपरिषदेच्या निवडणुकीआधी घाटावरून आलेल्यांच्या सगळ्या मंडळांची एकत्र बैठक झाली, तेव्हा मी पुढेच बसलो.

पाठिंबा कुणाला, ते काकांनी सांगून टाकलं. चर्चा झालीच नाही. लगेच भंडाऱ्याचं ताट फिरलं. चिमूटभर हळद उचलायची आणि त्याच उमेदवाराला मत देईन, अशी खंडोबाची शपथ घ्यायची. माझा हात अडला. माणूस चांगला असेल, तर शपथ कशाला?

"काय रे, नोकरीला चिकटताना नाय अडलास!" काका म्हणाले. सगळे हसले. मी हळद उचलली.

ताट फिरून काकांकडे आलं. त्यांनी ते तसंच देवापुढे ठेवलं.

"काका, तुमचं राहिलं," मी म्हणालो.

"वाढणाऱ्यानं मागून जेवायचं असतं, बाळा."

पण बैठकीची पंगत तर उठली होती. मतदानाला मी शपथ पाळली. अजूनही काकांच्या पाया पडताना माझी नजर आधी त्यांच्या बोटांवर हळद शोधते.