धाकटीचं जंताचं औषध

आमचे अण्णा, म्हणजे वडील, बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. तपासून घेतल्याशिवाय कुठलीच गोष्ट त्यांना पटत नसे. आई आम्हा दोघी बहिणींना जंतांवर वावडिंगाचा काढा देई. कारखान्याच्या दवाखान्यात तेव्हा पायपरेझीन नावाचं नवं गोड औषध आलं होतं. कुठलं बरं, यावर दोघांची जुंपली. अण्णांनी तोडगा काढला: मला काढा, धाकटीला नवं औषध. काय पडलं ते आईनं बघून सांगायचं.

काढ्यानं माझ्या तोंडाची चव तेवढी गेली. धाकटीचे तीन लांबलचक जंत पडले. अण्णा इतके खूष, की शेजारच्या अक्कांना कुंपणाशी बोलावून सगळं वर्णन ऐकवलं. अक्का कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणत पदर नाकाला लावून आत गेल्या.

पण धाकटी पांढरीफटक ती पांढरीफटकच. चार पायऱ्या चढली की धापा टाकायची, भिंतीचे पोपडे काढून खायची. अण्णा म्हणायचे, आळशी आहे. मीही म्हणायची, त्याचा मला अजून स्वतःवर राग येतो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शौच तपासायला आणा म्हणून चिठ्ठी दिली होती. ती अण्णांच्या खिशातच राहिली. हाताखालची माणसं रांगेत बसलेली असताना साहेबानं मुलीची डबी घेऊन जायचं कसं? आणि जंत तर पडले होते ना, आईनं डोळ्यांनी पाहिलेले.

ती दोनदा नापास झाली. झेपत नाही म्हणून अण्णांनी शाळा सोडवली आणि अठराव्या वर्षी लग्न लावून दिलं. ती खूप रडली. ऐकलं कुणीच नाही.

बेळगावला, तिच्या सासरी, सासूबाई स्वतः डबी घेऊन तपासायला गेल्या. अंकुशकृमी निघाले, आतड्याला चिकटून रक्त पिणारे, बारीक, सहसा नजरेला न पडणारे. आमचं गोड औषध मोठ्या जंतांचं, यांच्यापुढे ते बिनकामाचं. उपाशीपोटी घ्यायच्या वेगळ्या कॅप्सूल मिळाल्या, मग लोहाच्या गोळ्या. जिना चढताना आता दम लागत नाही, असं तिनं पत्रात लिहिलं. खाली एक ओळ होती: मला घरी बसून मॅट्रिकला बसता येईल का, अण्णांना विचार.

मी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. अण्णांनी कॅप्सूलचं नाव दोनदा विचारून घेतलं. मॅट्रिकचं मात्र आता सासरच्यांना विचार, असं तिला कळव म्हणाले.