पुठ्ठा आजींचं अर्धं गाव

पुठ्ठा आजी आणि आमच्या सोसायटीतली मुलं यांनी मिळून बांधलेलं एक गाव मी घंटागाडीत टाकलं. चुकून नव्हे, ठरवून. आणि टाकल्यावर खोटं बोललो. हे आधीच सांगतो, कारण आजींबद्दल लिहायला लागलो की मी आपोआप चांगला माणूस वाटायला लागेन.

पुठ्ठा आजी हे नाव मुलांनी ठेवलेलं. आम्ही मोठी माणसं त्यांना काकू म्हणायचो. मूळच्या चाकणजवळच्या एका गावच्या. रहाटणीतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर थोरल्या मुलाकडे राहत. रविवारी सकाळी त्या प्रत्येक घराची बेल वाजवत आणि दार पुरतं उघडायच्या आत विचारत, "रिकामं काय हाय का?" टूथपेस्टची खोकी, अंड्यांचे ट्रे, शॅम्पूच्या बाटल्या, जोडीदार हरवलेले मोजे, त्यांना काहीही चाले. लग्नपत्रिकांवर तर विशेष जीव. पत्रिकेवरचा गणपती आधी हलक्या हाताने कापून, नमस्कार करून बाजूला ठेवत आणि मग वधू-वरांच्या नावांवर बेधडक कात्री चालवत. "ह्यांचा संसार लागला मार्गी. आता पत्रिका कशाला पायजे त्यास्नी?"

मग पार्किंगच्या कोपऱ्यात सतरंजी अंथरली जाई. आजी ओळींवर बोट फिरवत मोठ्याने गोष्ट वाचत. पुस्तकातलं 'नाही' त्यांच्या तोंडून 'न्हाई' होऊनच बाहेर पडे. एकदा एक आई तक्रार घेऊन आली, "काकू, आमचा शाळेत 'व्हय मॅडम' म्हणायला लागलाय हो."

"मग? मॅडमला व्हय म्हनतोय, ते वाईट हाय का?" आजी म्हणाल्या.

त्यांची खरी रीत वेगळीच होती. गोष्ट ऐन रंगात आली की त्या पुस्तक मिटत. गोष्टीतला बोका रुसून माळ्यावर बसला, की प्रत्येकाने मोज्याचा बोका करायचा. राजाची होडी बुडायला आली, की दुधाच्या पिशवीचं शीड लावून होडी करायची. सगळ्यांच्या वस्तू झाल्याशिवाय पुढचं पान उलटत नसे. "नुसतं कानानं ऐकलं का ह्या कानातनं त्या कानातनं जातं. हातानं ऐका." भरभर करणारी मुलं कुरकुरली तर म्हणत, "गोष्ट काय पळून चाललीय व्हय रं?"

माझी मुलगी ओवी तेव्हा तिसरीत होती. तिचा हात संथ. चिकटवायची, काढायची, पुन्हा चिकटवायची. शाळेत बाई घाई करत, घरी मी करायचो. आजींच्या सतरंजीवर मात्र सगळी पोरं तिच्यासाठी थांबत. ती रविवारी इतकी खुशीत का असते, याचा मी कधी विचार केला नाही.

त्या वर्षी मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. आजींनी एक लांबलचक गोष्ट वाचायला घेतली होती. एका गावाची विहीर माणसांवर रुसते आणि गाव सोडून निघून जाते. ती परत येते की नाही, इथे आजींनी पुस्तक मिटलं. "आधी गाव नीट बांधा. मग बघू येती का." मुलं कित्येक रविवार ते गाव बांधत होती. जिन्याखालच्या जागेत काडेपेट्यांची घरं, करवंटीचं देऊळ, माझ्या बुटांच्या खोक्याची ओवीने केलेली शाळा, असं ते पसरत चाललं होतं. चिकटवायला मैद्याची खळ, त्यामुळे झुरळं झाली होती, हेही खरं. पण झुरळांचं निमित्त मी पुढे करणार नाही.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे कारखान्यात एक शिस्त असते. जी वस्तू कामाची दिसत नाही तिला लाल चिठ्ठी लावायची. ठरलेल्या मुदतीत कुणी हक्क सांगितला नाही, तर ती भंगारात. ही शिस्त सोसायटीत आणायची हौस मला आली. कंपनीतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणला आणि जिन्याखालच्या त्या सगळ्या पसाऱ्याला लावून टाकला.

पुढच्या रविवारी पाहतो तर गावातल्या घरांवर लालभडक कौलं! चिठ्ठ्या इंग्रजीत होत्या. आजींना वाटलं, कुणीतरी मुलांसाठी चांगला जाड कागद ठेवून गेलंय. लिफ्टजवळ कमिटीतल्या एकाने मला टाळी दिली. "काय राव, तुमच्या नोटिसा पार छपरावर चढल्या की!" सगळे हसले. मीही हसलो. पण ते मनात सलत राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलं शाळेत गेल्यावर, घंटागाडी आली तेव्हा मी उभं राहून ते गाव उचलायला लावलं.

संध्याकाळी आजी दारात आल्या. "भाऊ, आमचं गाव कुठं गेलं?"

"फायर ऑडिटवाले आले होते, काकू. त्यांनी काढायला लावलं. माझा नाइलाज झाला."

त्यांनी लगेच मान हलवली. "बरोबर हाय. आगीचं काय सांगता येतंय." आणि रडणाऱ्या मुलांना त्यांनीच बसवून समजावलं, की साहेबलोक आपल्याच जिवासाठी करतात. नवीन गाव बांधायला मुलांचे हात काही वळले नाहीत. गाव नाही, तर पुढचं पानही नाही. सतरंजीवरची मुलं कमी होत गेली. वर्षभरात आजी धाकट्या मुलाकडे रावेतला राहायला गेल्या.

ओवी आता अकरावीत आहे. मागच्या महिन्यात कपाट आवरताना सहज म्हणाली, "बाबा, ती विहीर परत आली का, ते मला अजून माहीत नाही."

"मग पुस्तक आणून वाच की."

"गाव कुठे झालंय पुरं?" ती हसत म्हणाली. 

त्या रविवारी मी रावेतला गेलो. आजी आता काठी घेऊन चालतात. चहा झाला आणि मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्या म्हणतील, जाऊ द्या भाऊ, जुनं झालं.  पण त्या म्हणाल्या, "म्हंजे मी पोरास्नी खोटं सांगितलं."

"तुम्ही नाही काकू, मी..."

"तोंड माझंच व्हतं. पोरांनी माझ्यावर इस्वास ठेवला. तुमी माझ्या तोंडून खोटं वदवलं, भाऊ." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

"माझं चुकलं, काकू."

"मला कशापायी सांगता? गाव पोरांचं व्हतं. त्यांच्यापुढं जावा."

ती मुलं आता मोठी झाली आहेत. कुणी कॉलेजला जातं, कुणाला मिशी फुटली आहे. मी ओवीकडून निरोप पाठवून त्यांना संध्याकाळी पार्किंगमध्ये बोलावलं. गाड्यांना टेकून, हातात मोबाईल घेऊन ती उभी राहिली. काकांना मेंटेनन्सचं काहीतरी सांगायचं असेल, असाच त्यांचा चेहरा होता.  ओवीकडे न बघता सुरुवात केली, पण मग तिच्याकडेच बघून बोललो.

"तुमचं गाव फायर ऑडिटवाल्यांनी काढलं नव्हतं. मी फेकलं. लोक मला हसले, म्हणून फेकलं. पुठ्ठा आजींना यातलं काहीही माहीत नव्हतं, त्या तुमच्याशी खोटं बोलल्या नाहीत. मी बोललो, त्यांच्याशी आणि तुमच्याशी. तुम्ही लहान होतात, म्हणून तुमची माफी मागायची असते हेच मला सुचलं नाही. आज मागतो. मला माफ करा."