शून्य लिहिण्याआधी

आप्पा गेल्याची बातमी मला नवापूरच्या स्टँडवर कळली. त्यांच्या घरून वहिनींचाच फोन होता. "भाऊ, तुमना आप्पा गयात," एवढंच बोलल्या... गाडी सुटून गेली, तरी मी बाकावर बसून होतो. डोळ्यांपुढे नर्मदेचं पाणी पसरलं होतं.

हिरामण आप्पा आणि मी एकाच शाळेत भूगोल शिकवायचो. जगाच्या लोकसंख्येचा तक्ता फळ्यावर मांडून ते मुलांना विचारायचे, "हे मोजलं कोणी?" मग स्वतःच सांगायचे, देशोदेशीच्या जनगणनांची बेरीज होते, आणि प्रत्येक जनगणना कुणाच्या तरी दारात सुरू होते. मला ते नुसतं वर्गात बोलायचं वाक्य वाटे. पुढे जनगणनेचं काम आम्हा दोघांनाही लागलं.

मणिबेलीच्या बाजूला नर्मदेवरच्या धरणाच्या पाण्याने वेढलेला एक पाडा होता. सगळं बुडालं, माणसं हलली, शून्य टाका आणि मोकळे व्हा, असं आम्हाला कुणीतरी तोंडीच सांगून टाकलेलं. होडीतून जाताना आप्पांना टेकडीवर धूर दिसला. वारा सुटला होता, नावाडी परत फिरू म्हणत होता.

"धूर दिखी ऱ्हायना ना भो," आप्पा म्हणाले. "चूल शे तठे मानूस शे. शून्य कसा लिखू?"

लाटांचं पाणी होडीत येत होतं. मी जीव मुठीत धरून बसलो... वर चढून गेलो तर कुडाची घरं, मक्याचं शेत, शेळ्या आणि दारात एक म्हातारी. तिची भिली बोली नावाडी आम्हाला मराठीत सांगत होता. घरात कोण कोण, असं विचारल्यावर ती नावं घेऊ लागली आणि घेतच राहिली. नावाडी हळूच म्हणाला, "गुरुजी, यातले बरेच मेलेले आहेत."

मी तिला थांबवणार, तोच आप्पांनी माझा हात दाबला. शेवटचं नाव येईपर्यंत ते मान खाली घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "माय, आता जे जिवंत आहेत ते सांग." तिने सांगितले, आप्पांनी लिहिले. मग पुढचं घर, त्याच्या पुढचं...

परतताना मागे पाहिलं. एवढ्या अफाट पाण्यावर तो बारीकसा धूर, आणि जगाच्या बेरजेत आता तोही! आप्पा एवढंच म्हणाले, "आते जग पुरं झायं."

परवा वहिनींना भेटायला गेलो. मूलबाळ नाही, त्या एकट्याच. आप्पांची खुर्ची खिडकीशी तशीच होती, तिच्यावर कोणी बसत नाही. त्यांनी चहा दिला. मग म्हणाल्या, "भाऊ, आते जनगणनावाला येतीन. घरमा कितला जन सांगू?"

नियम मला पाठ आहे, जिवंत असतील तेवढेच मोजायचे. आप्पांसारखीच मान खाली घालून मी म्हणालो, "आधी नावं सांगा, वहिनी."