दवाखान्याची सोबत

लोक काश्मीर-केरळची प्रवासवर्णनं लिहितात. माझा प्रवास कनेरगाव नाक्याहून हिंगोलीपर्यंतचा, एसटीनं तासाभराचाही नाही. पण निघायलाच मला दोन वर्षं लागली, म्हणून लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी लग्नाहून परतताना आमची जीप उलटली. माझ्या शेजारी बसलेली काकू गेली. पुढे बसलेले काका आणि मी, दोघांचं खरचटण्यावर निभावलं. तेव्हापासून ब्रेकचा आवाज आला की माझा श्वास अडकायचा. झोपेत किंचाळायचे. गोळ्या झाल्या, अंगारे झाले. मग कळलं की हिंगोलीत एक मॅडम आहेत, अशा धक्क्यातून गेलेल्या माणसांशी एकांतात बोलून उपचार करतात.

फोनवर मी बियाणं घ्यावं तशी चौकशी केली. फी किती? बोललेलं गावात तर पोचणार नाही? आणि मला पुण्याची भाषा जमत नाही, चालेल का?

मॅडम हसल्या. "घरी बोलता तसंच बोला, ताई. सगळं पहिल्याच दिवशी सांगायचं नसतं. आधी आपलं दोघींचं जमतंय का ते बघू. त्या दिवशी घरी गेल्यावर मात्र कामाचा डोंगर ठेवू नका. आणि हो, आत तुम्ही एकट्याच असाल."

एकट्याच! आमच्याकडे साध्या तापालाही कुणी दवाखान्यात एकटं जात नाही. गेलं तर घरच्यांची नाचक्की. मी गुपचूप नाक्यावर आले, तर टोपी घालून काका हजर. सोबत तांड्यावरची शेवंतामावशी, भाकरीचं गाठोडं घेऊन.

"काका, तुमी काहून आले?"

"मंग? दवाखान्याला एकटी जाती का?"

"लोकं म्हनतील, हिला कोनीच न्हाई," मावशीनं री ओढली.

राग आला, आणि खरं सांगते, गलबलूनही आलं.

हळदीचे दिवस होते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेच काम चाललं होतं. कढईत शिजणाऱ्या हळदीचा उग्र वास खिडकीतून आत येत होता, आणि शेताशेतात बाया वाळवण पसरत होत्या. इतका पिवळा रंग एका जागी पाहिला की आपल्या जिल्ह्याचा अभिमान वाटतो. तेवढ्यात म्हशी आडव्या आल्या, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि मी किंचाळले. सगळी गाडी वळून बघायला लागली.

"बाई, म्हशी हायेत फक्त. जाऊन राहिल्या बघा," कंडक्टर इतक्या हळू आवाजात म्हणाला की मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. काका मात्र खाली स्वतःच्या पायांकडेच बघत होते. माझी लाज वाटली असेल, असं मी धरून चालले.

हिंगोलीला स्टँडबाहेर सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा उपम्यासारखा पदार्थ) खाल्ली. वर गुळमट चहा. अशा दिवशीही ती चविष्ट लागली, यातच तिचं मोठेपण.

मॅडमची खोली एका दुकानाच्या माडीवर. मी दार ढकलायच्या आत आमची वरात आत. माझ्या खुर्चीवर काका बसले.

"काय त्रास होतो?" मॅडमनी मला विचारलं.

"झोप न्हाई हिला. लई तकलीफ हाय," काका म्हणाले.

"नजर लागली, दुसरं काय!" मावशी म्हणाली.

दुसरं कुणी असतं तर दोघांना बाहेर काढलं असतं. या बाईंनी दोघांचं शेवटपर्यंत ऐकलं, चहा सांगितला. मग मला म्हणाल्या, "यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. त्यापलीकडे मी एक शब्द बोलणार नाही." आणि त्या दोघांना म्हणाल्या, "ताईंना मधेच कुणाची गरज लागली तर मी हाक मारीन. दाराशी बसाल ना?"

"बसू की!" मावशी तरातरा उठली. सोबतीचा मानही राहिला आणि खोलीही रिकामी झाली. मी थक्क झाले. काका शेवटी उठले, दारात क्षणभर थांबून मग गेले.

आत फार काही घडलं नाही. नको वाटलं तर हात वर करा, मी थांबते, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं. मी म्हशींचं सांगितलं, मग एकदा काकूचं नाव घेतलं आणि हात वर केला. त्या खरंच थांबल्या. "दोन दिवस जड जातील. फोन करा. दर आठवड्याला आलात तरी काही महिने लागतील," त्या म्हणाल्या. खोटा दिलासा दिला नाही, म्हणून माझा विश्वास बसला.

परत नाक्यावर उतरलो. मावशी तांड्याच्या वाटेला लागली. काका माझ्याबरोबर चालत होते.

"आत काय इचारत्यात?"

"आपल्याला सांगता येईल तेवढंच."

"आन रडू आलं तर?"

"रडू देत्यात, काका."

पुढच्या सीटवर बसून ज्या माणसानं सगळं डोळ्यांनी पाहिलं, त्याला आम्ही दोन वर्षं 'खंबीर' म्हणत आलो होतो. त्यालाही दवाखान्याला सोबत करावी, हे आमच्यातल्या कुणाला सुचलं नव्हतं.

घर आलं. काकांनी टोपी काढली, हातात चुरगाळली.

"पोरी, माझा बी नंबर लाव तितं. सोबतीला तू ये." मग दाराकडे बघत म्हणाले, "पर भायेर बस."