हिराचं वाक्य

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — माझं मलाच कळत नाही.

मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. धड्यात ‘प्रेडिक्ट’ शब्द आला की घाईघाईनं पुढे सरकायचे. शब्दाला काय घाबरायचं? पण घाबरायचे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पौडच्या शाळेत मी नववीला. वडिलांचं किराणा दुकान, घरात इंग्रजी डिक्शनरी, त्यामुळे इंग्रजीत पहिली मीच — असं मी धरूनच चालले होते. मग माले गावाहून हिरा यायला लागली. धनगराची पोर, कपड्यांना मेंढरांचा वास. पण ती इंग्रजी बोलायला लागली की शेख सर हातातला खडू तसाच धरून ऐकत राहायचे. माझं कधी असं ऐकलं होतं त्यांनी?

एकदा सरांनी भविष्य सांगण्याचे शब्द शिकवले. खुणा बघून, अंदाजानं सांगायचं ते प्रेडिक्ट. देव माणसाच्या तोंडून सांगतो ते प्रॉफेसाय. वाक्यं करा म्हणाले. मी डिक्शनरीतलं उतरवलं — ज्योतिषी निकाल प्रेडिक्ट करतो. मग हिरा उठली. तिचे आजोबा दर दसऱ्याला बिरोबापुढे भाकणूक सांगायचे — पीकपाणी, रोगराई, पुढचं साल कसं जाईल ते. ती इंग्रजीत म्हणाली, “माझे आजोबा प्रेडिक्ट करत नाहीत, प्रॉफेसाय करतात. कारण ते शब्द त्यांचे नसतात.”

सरांनी ते वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, भोवती चौकट आखली आणि बजावलं, कुणी पुसायचं नाही. आठवडाभर ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी जळत होते — याला दुसरा शब्द नाही.

बाजाराच्या दिवशी तिचे आजोबा आमच्या दुकानात गूळ घ्यायला आले. कौतुकानं विचारलं, “आमची हिरा साळंत कशी हाय गं, पोरी?”

काय अडलं होतं खरं सांगायला? मी म्हणाले, “हुशार आहे. पण आजोबा, तिनं वर्गात तुमच्या भाकणुकीचं सोंग केलं. तुम्ही अंगात आल्यावर कसे घुमता ते करून दाखवलं. सगळी हसून लोळली.”

कुणीही हसलं नव्हतं.

म्हाताऱ्यानं गूळ तिथंच ठेवला. “देवाची थट्टा? माझ्या नातीनं?” एवढंच बोलून ते गेले.

हिरा परत शाळेत आली नाही. तिनं शपथा घेतल्या असतील. पण दुकानदाराची सरळ मुलगी उगाच खोटं कशाला बोलेल? सर सायकलवरून मालेला जाऊन आले. वर्गात म्हणाले, “हिराच्या आजोबांच्या मनात कुणीतरी काहीतरी भरवलंय.” मी पुस्तकात डोकं खुपसलं. दिवाळीनंतर हिराला मेंढरांमागे धाडलं. त्या वर्षी इंग्रजीत पहिली मी आले. फळ्यावरचं वाक्य मीच पुसलं.

पुढे ऐंशीच्या दशकात, मी शाळेत बाई म्हणून लागल्यावर, ती पौडच्या बाजारात भेटली. काखेत मूल होतं. माझ्याकडे बोट करत त्याला म्हणाली, “ही माझी मैतरीण. इंग्रजीची बाई हाय.” मग हसली. “मला अजून येतंय बरं का,” म्हणाली, आणि ते अख्खं वाक्य तिथंच म्हणून दाखवलं. एकही चूक नाही.

आणि मला — तेव्हाही — तिचा हेवाच वाटला.