दसऱ्यानंतर बिघडलेला नेम

मिस्त्रींच्या मुलीची निवड चाचणी रविवारी होती आणि शुक्रवारी दुपारी त्यांच्या वर्कशॉपमागच्या शेतात तिच्या रायफलचे छर्रे कढईतल्या मोहरीसारखे कुठेही उडत होते. एक वर, एक डावीकडे, तिसरा पुठ्ठ्यालाच लागला नाही.

रायफल हवेवर चालणारी, लांबच्या निशाण्याची. तयार घेणं झेपणारं नव्हतं. मिस्त्रींनी नळी आणि यंत्र जुनं मिळवलं, जोडणी एमआयडीसीतल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये केली आणि लाकडी दस्ता मला घडवायला दिला. मी सावंतवाडीकडचा. आठवीतून शाळा सोडली, लाकूड तेवढं येतं. ज्या कामासाठी जालन्याला आलो ते मिळालंच नाही, तेव्हा याच माणसाने वर्कशॉपच्या माळ्यावर गादी टाकून दिली होती. त्यामुळे तो दस्ता मी देवाचं काम असल्यासारखा केला. नळीला लाकूड टेकलं की नेम जातो, म्हणून दोन्हींमध्ये नाणं सरकेल एवढी फट ठेवली.

दसऱ्याआधी तिच्या पाच छर्र्यांची भोकं एका अंगठीत मावायची. खंडेनवमीला मिस्त्रींच्या बायकोने, काकूंनी, लेथ, ड्रिल, मोटारसायकल आणि रायफल ओळीने मांडून पूजली. शेवटी माझ्या पटाशांनाही कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. घरापासून इतक्या लांब माझ्या हत्यारांना कुणी हात जोडेल असं वाटलं नव्हतं. मला तिथे उभं राहवेना.

आणि आता हे. नळीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू आवळले. छर्रे बदलले. नळी पुसली. वारा पडायची वाट पाहिली. शेजारच्या शेडमधला लेथवाला बांधावर बसून म्हणाला, "लाकूड कोकणातलं हाय ना, समुद्राकडं तोंड फिरवून राह्यलंय."

कुणी हसलं नाही. मला तर तेच खरं वाटत होतं. इथल्या कोरड्या हवेत दस्ता पिळला असणार. फट मी वरून पुन्हा पुन्हा पाहिली, बरोबर होती. पण मग दुसरं काय?

मुलीने रायफल खाली ठेवून बापाकडे पाहिलं. "दादा, माझाच हात हालून राह्यला का?"

"न्हाई ग," मिस्त्री म्हणाले आणि माझ्याकडे न बघता सिगारेट पेटवली. ते बघत नव्हते, हेच मला सोसेना.

मी म्हणालो, "मिस्त्री, दस्ता उतरवतो. माझ्याकडूनच चुकलंय. नवा करतो."

"परवा चाचणी हाय. नवा कधी करतो?"

बांधावरच गोणपाट पसरून मी स्क्रू सोडले. घाईत एक स्क्रू ढेकळांत पडला आणि मुलीने तो शोधून दिला. मनात मी पिशवी भरायलाही घेतली होती. नळी उचलली आणि दस्त्याच्या खाचेतून गोणपाटावर काहीतरी लाल सांडलं.

तांदूळ. कुंकवातल्या अक्षता. काही खाचेच्या तळाशी वाळलेल्या कुंकवाने चिकटून नळीला टेकलेल्या, काही सुट्या, दर छर्र्यागणिक जागा बदलणाऱ्या. वरून दिसायचा प्रश्नच नव्हता.

मिस्त्रींनी एक दाणा तळहातावर घेतला, उलटापालटा करून पाहिला. "आयला. लक्ष्मी आत जाऊन बसल्ती." मग एकदम गंभीर होऊन मुलीला म्हणाले, "आईला बोलू नको. बिलकुल. जेवायची न्हाई ती."

खाच ब्रशने साफ केली, दस्ता चढवला. पहिला छर्रा मध्याजवळ. दुसरा त्याला चिकटून. पाचवा झाल्यावर मुलीने बोटातली अंगठी काढून पुठ्ठ्यावर ठेवली आणि मी बांधावर बसकण मारली.

रविवारी तिची निवड झाली. काकूंनी पेढा आधी देवापुढे ठेवला, मग रायफलपुढे, आणि मला म्हणाल्या, "बघ, पूजा केल्ती म्हणून."

"हो काकू," मी म्हणालो.

आता खंडेनवमीला सकाळी मी त्या फटीत वर्तमानपत्राच्या पट्ट्या कोंबतो. मगच वर्कशॉपच्या दारातून हाक मारतो, "काकू, या, सगळं मांडलंय."