बुधवारच्या पाण्याचे अकरा फोटो

खरं सांगा, तुम्ही शेवटचा जो फोटो कुणाला पाठवलात, तो जसा काढला तसाच पाठवला होतात? उजेड जरासुद्धा वाढवला नाही? आकाश थोडं निळं केलं नाही? केलं असणार. सगळेच करतात. म्हणून या बाईला नावं ठेवायची घाई करू नका. तिनंही एवढंच केलं, आणि त्यापायी अख्ख्या वस्तीचं पिण्याचं पाणी टांगणीला लागलं.

ती विजेचे मीटर वाचते. दिवसाला दीडशे दारं, दीडशे जिने, आणि तेवढीच कुत्री. वस्तीत तिला सगळे मीटरताई म्हणतात. कॅमेरा जुना, कुणीतरी वापरून कंटाळलेला. पण तिचा जीव त्यात. सुट्टीच्या दिवशी पाखरं टिपायची, पानांवरचे किडे टिपायची, हौशी लोकांच्या ग्रुपवर टाकायची आणि किती जणांनी अंगठा दाखवला ते दिवसभर बघत बसायची.

वस्तीच्या मागून ओढा जातो आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना आहे. दर बुधवारी सकाळी ओढ्याला लाल पाणी यायचं. तासाभरात वाहून जायचं. तक्रार केली की प्रदूषण खात्याचे साहेब दुपारी येणार, स्वच्छ पाणी बघणार, वहीत ‘आढळले नाही’ लिहून जाणार. इकडे ओढ्याकाठच्या हातपंपाला मात्र औषधासारखा वास. तेव्हा मीटरताई म्हणाली, मी फोटो काढते.

पहिल्या बुधवारी ओढ्यावरच्या पुलावरून फोटो काढले, तर पाण्यात नुसतं आकाश. लाल कुठंच नाही. ती फणफणत कॅमेऱ्याच्या दुकानात गेली. दुकानदार म्हातारा, पण काचांचा दर्दी. त्यानं काउंटरवर तीन गोल काचा मांडल्या.

“ही साधी. लेन्सला ओरखडा जाऊ नये म्हणून. ही काळी. ही लावून शटर जरा वेळ उघडं ठेवलंस की वाहतं पाणी दुधासारखं दिसतं.”

“दुधासारखं नकोय, काका. दुधासारखं तर ते साहेबांनाच दिसतंय.”

म्हातारा खुदकन हसला. “मग ही घे. पोलरायझर. कडं फिरवत जा, पाण्यावरची चकाकी जाते. खालचं दिसायला लागतं.”

पुढच्या बुधवारी तिनं पुलाच्या कठड्यावर कोपर टेकलं, कडं हळूहळू फिरवलं, आणि पाण्यावरचं आकाश पुसलं गेलं. खाली लाल. अकरा बुधवार, अकरा फोटो. इथवर बाईची एकही चूक नाही, हे ध्यानात ठेवा.

चूक घरी झाली, टेबलाशी बसून. कॉम्प्युटरवर तो लाल तिला मरतुकडा वाटायचा. मग ती रंगाची पट्टी जरा उजवीकडे ओढायची. जरा म्हणजे किती? जोवर बघणाऱ्याच्या अंगावर काटा येत नाही तोवर. मग ‘सेव्ह’. त्याच फाइलवर. आणि कार्डात जागा हवी म्हणून कार्ड पुसून टाकायचं. तिची नणंद कचेरीत टायपिस्ट. अशा बाबतीत पक्की. ती एकदा म्हणाली होती, “वहिनी, मूळ फोटो वेगळा ठेव गं.” मीटरताईनं तिला झटकलं होतं, “पाण्याचे फोटो आहेत, लग्नाचे नाहीत.”

अकराही फोटो जोडून वस्तीनं पुन्हा तक्रार केली, सुनावणीची तारीख लागली, आणि चार दिवस आधी कारखान्याच्या वकिलाचं पत्र आलं: अकराही फोटोंच्या मूळ फाइली सोबत आणाव्यात.

पत्र वाचून ती तशीच टेबलाशी बसली. कॉम्प्युटर उघडला, सगळे फोल्डर धुंडाळले, कचऱ्याचा डबासुद्धा उपसला. नऊ फोटो रंगवलेलेच होते. शेवटच्या दोन बुधवारांचे तेवढे कार्डात जसेच्या तसे, कोरे राहिले होते, कारण कार्ड पुसायचा तिनं आळस केला होता.

“आता?” तिनं नणंदेला विचारलं.

“आता काय. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.” मग वहिनीचा चेहरा बघून ती नरमली. “विचारलंच नाही तर?”

“पत्रात विचारलंय.”

“सांग ना, कॅमेऱ्यातून असेच आले.”

चार दिवस हे वाक्य तिच्या डोक्यात भुंग्यासारखं फिरत होतं. मीटर वाचताना आकडे चुकले. एका घरी तर शेजाऱ्याचं रीडिंग टाकलं. खोटं बोलून पकडली गेली तर अकराही फोटो कचऱ्यात. खरं बोलली तर नऊ कचऱ्यात, आणि वस्तीला तोंड कसं दाखवायचं?

सुनावणीच्या खोलीत एक मोठं टेबल, त्यावर काच. टेबलामागे अधिकारी मॅडम. वकील उठले ते थेट कॅमेऱ्याच्या काचेवरच घसरले. “मॅडम, यांनी कॅमेऱ्यावर फिल्टर लावला होता. म्हणजे रंग फिल्टरचा, पाण्याचा नाही.”

मीटरताईनं पिशवीतून पोलरायझर काढून मॅडमच्या हातात दिला. “डोळ्याला लावा आणि टेबलाच्या काचेकडे तिरकं बघा. आता कडं फिरवा.”

मॅडमनी फिरवलं. काचेवर पडलेली खिडकीची चकाकी विझली, आणि काचेखालची टेलिफोन नंबरांची यादी वाचता येऊ लागली.

“यादीचा रंग बदलला का?”

“नाही,” मॅडम म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा फिरवून बघितलं.

वकील बसले नाहीत. “ठीक. मग या नऊ फाइलींत फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरचं नाव कसं?”

मागच्या बाकावर नणंद बसली होती. वळून बघायची तिला हिंमत झाली नाही.

“मी लाल वाढवला,” ती म्हणाली. “पाण्यात होताच. मी आणखी ओढला. ते नऊ मी मागे घेते. हे दोन कोरे आहेत, आणि कार्ड हे इथं आहे.”

वकिलांनी तयारी केलेलीच होती. “मॅडम, त्या दोन आठवड्यांत आमचा एक पाइप फुटला होता. अपघात. आता दुरुस्त झालाय.”

झालं. नऊ फोटो असते तर अपघात अकरा वेळा होत नसतो, हे पोरालाही कळलं असतं. मॅडमनी दोन्ही कोरे फोटो प्रकरणाच्या फाइलीला लावून घेतले आणि पुढची तारीख दिली, पंधरा दिवसांनंतरची. या दोन फोटोंआधीच्या बुधवारांचा अस्सल पुरावा आणा, म्हणाल्या. नाही आणला तर प्रकरण बंद.

बाहेर जिन्यात नणंदेनं तिचा दंड धरला. “रडू नकोस. वस्तीतले लोक बघतात.”

“बघू देत. हातपंप तोच आहे ना त्यांचा पण.”

वस्तीतले काही तिच्याशी बोलत नाहीत. नळकामवाला तर तोंडावर म्हणाला, “ताई, गप्प बसली असतीस तर जिंकलो होतो.” त्याला माझ्याकडून एकच सांगणं: गप्प बसून जिंकायची विद्या कारखान्याला आपल्यापेक्षा चांगली येते.

कारखान्यानं आता बुधवारी पाणी सोडणं बंद केलंय, म्हणजे नवा फोटो मिळायचा नाही. ती रोज कामावरून येते, दारोदार जाते, आणि मीटरऐवजी लोकांचे मोबाईल वाचते. दहा दिवस उरलेत. अजून एकही सापडलेला नाही.

तुम्ही गेल्या तीन महिन्यांत बुधवारी सकाळी त्या पुलावरून गेला असाल, पोराचा, मैत्रिणीचा, स्वतःचा फोटो काढला असेल आणि मागे ओढा आला असेल, तर तो शोधा. वाकडा असू दे, अंधारा असू दे, तुमचे डोळे मिटलेले असू देत. त्याला बोट लावू नका. फोन आहे तसा घेऊन तिच्या दाराशी या.